फायनल फँटसी कुठून सुरू करू?

अरे या व्हिडिओ गेम मालिकेतले आकडे बघून घाबरू नकोस, १ पासून खेळायची काही गरज नाहीये, दर नंबरला जग नवीन नि पात्रंही नवीन, चोकोबा (स्वारीचे मोठे पक्षी), मूगल (छोटे गुबगुबीत प्राणी) असली मंडळी तेवढी अधूनमधून परत भेटतात. खरा सिक्वेल हवा तर १० (२००१) आधी संपव, मग १०-२ (२००३) घे, दोन वर्षांनंतरचं तेच स्पिरा नावाचं जग, पण १० ची नायिका युना आता दोन पिस्तुलं घेऊन फिरते आणि लढाई चालू असतानाच ड्रेसस्फिअर (पोशाख नि कौशल्यं देणारे गोळे) बदलून जॉब, म्हणजे पात्राची लढाईतली भूमिका, बदलता येतो. काहींना तो हलकाफुलका मूड अजिबात झेपला नाही, मला मात्र ती सिस्टीम जाम आवडली. फक्त १० चा शेवट ताजा असताना लगेच लावू नकोस, थोडा गॅप ठेव. १३ चे तर तीन गेम आहेत, मधेच घुसलास तर सगळं डोक्यावरून जाईल.