टोचलेले कान वारशात येत नाहीत

उत्क्रांतीवरच्या वाचकांच्या पत्रांत डार्विन आणि त्याच्या आधीचा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लॅमार्क यांची सरमिसळ सारखी दिसते. म्हणून चार प्रश्न एकत्रच घेते.

माणूस माकडापासून झाला, असं डार्विन म्हणाला ना?
नाही. आजची माकडं आणि आपण यांचे पूर्वज एक, एवढंच.

'उंच पानांसाठी ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली', हे गाइडमध्ये डार्विनच्या नावावर आहे. बरोबर का?
चूक. ही लॅमार्कची मांडणी, १८०९ मधली. डार्विनच्या १८५९ च्या तत्त्वानुसार कळपात काहींच्या माना जन्मतःच थोड्या लांब असतात. टंचाईत ते तगतात, पिल्लंही त्यांनाच जास्त होतात. गाइड विज्ञानाच्या बाईंना दाखवा.

मला चौथा महिना आहे. रोज गणितं सोडवली तर बुद्धी बाळाच्या 'डीएनएत उतरते', असं एक ऑनलाइन कोर्सवाले सांगतात. फी अठरा हजार. भरू का? मावसबहिणीच्या मुलाला थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार आहे. माझी त्यासाठीची तपासणी मी नंतर करीन म्हणते.
फी भरू नका. कमावलेले गुण वारशात उतरतात, ही लॅमार्कची दोनशे वर्षांपूर्वीची कल्पना 'एपिजेनेटिक्स'चं लेबल लावून गरोदर बायकांना विकतात, याचा मला संताप येतो. एपिजेनेटिक्स सांगतं की आहार-ताणाने पेशींतल्या काही रासायनिक खुणा बदलतात, आणि हे खरं. त्यातून गणित येत नाही. ऑगस्ट वाइझमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. ९०१ पिल्लं झाली, एकही बिनशेपटीचं नाही. शेपूट तोडणं म्हणजे अवयव वापरणं नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण त्याचा खरा मुद्दा असा, की बीजपेशींची (बीजांडं, शुक्राणू) वाट शरीरपेशींपासून आधीच वेगळी झालेली असते. तुमची बीजांडं तुम्ही आईच्या पोटात असतानाच तयार झाली, आणि या बाळाचा डीएनए गर्भ राहिला तेव्हाच ठरला. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कान टोचतात, तरी प्रत्येक बाळाच्या कानाची पाळी कोरीच असते आणि सोनाराकडे जावंच लागतं.

थॅलेसेमिया मात्र खरोखर वारशाने येतो. आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही दोघांकडे त्याचं सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के. 'नंतर' म्हणजे कधी? उद्याच दोघांनी रक्त तपासा आणि रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्या जनुकीय समुपदेशकाकडे पाठवतील.

डार्विनला मेंडेलचं काम माहीत होतं का?
तसा पुरावा नाही. आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेलचा वाटाण्यांवरचा लेख १८६६ मध्ये छापला गेला, पण त्याचं मोल कळलं १९०० मध्ये. डार्विन १८८२ मध्येच वारला होता. अंगभरातून सूक्ष्म कण जननेंद्रियांत जमतात, अशी कल्पना त्याने १८६८ मध्ये मांडली. म्हणजे कमावलेले गुण पुढे जातात, हे त्यानेही पुरतं सोडलं नव्हतं. प्रोजेक्टमध्ये घालणार असाल तर आधी प्राध्यापकांकडून तपासून घ्या.