पैसे देऊन घेतलेला सेटटॉप बॉक्स दुसऱ्या केबलवर का चालत नाही? आणि बिल कमी कसं करायचं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की घर बदललं, नव्या भागात वेगळं केबल नेटवर्क आहे, तिथल्या माणसाने तुमचा विकत घेतलेला बॉक्स हातात घेऊन "हा आमच्याकडे चालणार नाही" म्हणून परत दिला आणि नव्याचे पैसे सांगितले. शेवटी विचारलंय, "ही केबलवाल्यांची लूट नाही का?" त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. मी लोकल केबल ऑपरेटर आहे, डिजिटल व्हायच्या आधीपासून. लूट आहे हे कबूल. पण ती तुमच्या दारात वायर घेऊन उभा असलेला माणूस करत नाही.

२०१९ साली आमच्या भागातल्या ऑपरेटरांनी एमएसओ बदलला, म्हणजे वरून सिग्नल देणारी मोठी कंपनी बदलली. वायर तीच, ॲम्प्लिफायर तेच, टॅप तेच, गिऱ्हाईक तेच. फक्त कंट्रोल रूम दुसऱ्याची. तेवढ्यावर घराघरांतले सगळे बॉक्स बाद झाले. ते पोत्यांत भरून आणले तेव्हा एक बॉक्स टेबलावर घेऊन नव्या लाइनवर लावून पाहिला. तुम्हीही पाहू शकता, दहा मिनिटांचं काम आहे.

मॅन्युअल स्कॅनमध्ये नव्या नेटवर्कची एक फ्रिक्वेन्सी टाकली, सिम्बॉल रेट ६८७५, मॉड्युलेशन २५६ क्यूएएम. मीटरवर लेव्हल ६० डीबी मायक्रोव्होल्ट, म्हणजे उत्तम. बॉक्सने सिग्नल लॉक केला, क्वालिटीची पट्टी हिरवी झाली आणि चॅनलची नावंही ओळीने उतरली: सह्याद्री, मराठी मालिकांचे चॅनल, बातम्या, सगळं. एकावर ओके दाबलं तर काळा पडदा आणि "स्क्रॅम्बल्ड". सह्याद्रीवरही तेच. दूरदर्शन फुकट आहे ना, मग ते तरी दिसायला हवं, असं वाटतं. पण डिजिटल केबलमध्ये प्रत्येक चॅनल, फुकटचासुद्धा, एन्क्रिप्ट करूनच पाठवावा लागतो, कायद्यातच तसं आहे.

म्हणजे ट्यूनर चालतो, डिकोडर चालतो, रिमोट चालतो. अडतं ते कॅसपाशी, म्हणजे कंडिशनल ॲक्सेस सिस्टीमपाशी. चित्र ज्या किल्लीने बंद केलेलं असतं ती किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली सिग्नलमधूनच येते, पण तीही कुलूपबंद. ती उघडण्याचा अधिकार तुमच्या बॉक्सला आहे की नाही, हे सांगणारा वेगळा संदेश कंट्रोल रूममधून तुमच्या व्हीसी नंबरवर, म्हणजे बॉक्सच्या ओळख नंबरवर, येतो. रिचार्ज केल्यावर "बॉक्स चालू ठेवा, पाच मिनिटांत येईल" असं आम्ही सांगतो ते त्या संदेशासाठी. बॉक्स बंद असेल तर संदेश चुकतो. मग पुन्हा "रिफ्रेश" मारावा लागतो.

पूर्वी हा अधिकार स्मार्ट कार्डात असायचा. आता बहुतेक केबल बॉक्स बिनकार्डाचे आहेत, गुप्त आकडा चिपमध्येच कारखान्यात जाळून बसवलेला असतो. तो पुसता येत नाही. बूट होताना चिप सॉफ्टवेअरची सही तपासते, सही जुळली नाही तर बॉक्स लोगोवरच अडकतो. त्यामुळे "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला पैसे देऊ नका, त्याच्याकडून बॉक्स मेलेलाच परत येतो. डिश कंपनीचा बॉक्स केबलला लावायचा प्रश्नच नाही. तिथे ट्यूनरच वेगळा: केबलला डीव्हीबी-सी, छत्रीला डीव्हीबी-एस२.

ज्यांच्या बॉक्सला पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग होतं त्यांनी एवढं लक्षात ठेवा: ती फाइल बहुतेक बॉक्समध्ये त्याच बॉक्सच्या किल्लीने बंद होते. कॉम्प्युटरवर उघडत नाही, दुसऱ्या बॉक्सवरही नाही. बॉक्स गेला की रेकॉर्डिंग गेलं. आमच्याकडच्या एका घरचं बारशाच्या दिवशी लोकल चॅनलवर दाखवलेलं चित्रण असंच गेलं. पेनड्राइव्ह धडधाकट होता, फाइलचा आकारही बरोबर दिसत होता, उघडली मात्र शेवटपर्यंत नाही.

हे बदलता येत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक सामायिक बॉक्स आणि कंपनीनुसार बदलायचं छोटं मॉड्यूल, ही व्यवस्था जुनी आहे. डीटीएचच्या परवान्याच्या अटींतच बॉक्स एकमेकांकडे चालावेत असं लिहिलेलं होतं. कागदावर खाच होती, तिच्यात घालायचं मॉड्यूल दुकानात मिळत नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाने, स्पष्ट शिफारस केली: केबल असो की डीटीएच, बॉक्स आपापल्या गटात कुठेही चालला पाहिजे, त्यासाठी यूएसबीवर लागणारं मॉड्यूल वापरा, आणि टीव्हीतही तशी सोय द्या. तुमच्या हातातला बॉक्स परत आला, यावरून त्या शिफारशीचं काय झालं ते समजा. मोबाइलला नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि टीव्हीला नाही, याचं कारण तांत्रिक नाही.

कारण मालकीत आहे. डिश टीव्ही आणि सिटी केबल सुरू झाले ते झी ज्या घराण्याचं त्याच घराण्याकडून. टाटा स्काय सुरू झालं टाटा आणि स्टारच्या भागीदारीत. सन टीव्हीवाल्यांचं सन डायरेक्ट. डीटीएच कंपनीत ब्रॉडकास्टरचा, म्हणजे चॅनल चालवणाऱ्या कंपनीचा, हिस्सा २० टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे, पण कंपन्या वेगळ्या आणि घराणं एक असेल तर नियमाला धक्का लागत नाही. २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स समूहाचं वायाकॉम१८ आणि स्टार इंडिया एकत्र आले, ७०,३५२ कोटींचा व्यवहार. आता स्टार प्रवाह ज्या छताखाली आहे त्याच छताखाली हॉटस्टार आहे. त्याच समूहाकडे मोबाइलचं नेटवर्क आणि घरात येणारी फायबर आहे. चॅनल, वायर आणि बॉक्स एकाच घरात असतील तर बॉक्स मोकळा करण्यात त्या घराचं काय हित आहे? ऑगस्ट २०१४ मध्येच ट्रायने माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालायच्या शिफारशी दिल्या होत्या. त्या लागू झाल्या असत्या तर आज हा प्रश्न विचारायची वेळ आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आता केबलवाल्याला काय मिळतं ते एकदा मांडतो, कारण हा वाद मी लग्नकार्यात, ग्रामपंचायतीत, सगळीकडे ऐकलाय. १९ रुपयांचा पे चॅनल घेतलात तर १५ रुपये २० पैशांपर्यंत ब्रॉडकास्टरकडे जातात. वितरणाचे म्हणून किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे उरतात. एमएसओशी वेगळा करार नसेल तर ते ५५:४५ वाटले जातात, म्हणजे माझ्या हातात १ रुपया ७१ पैसे. १३० रुपयांच्या नेटवर्क भाड्यातून, ज्याला एनसीएफ म्हणतात, त्याच हिशेबाने ५८ रुपये ५० पैसे. त्यातून पोलचं भाडं, वीज, पावसाळ्यात जळलेले ॲम्प्लिफायर आणि पोरांचे पगार.

तुमच्या बिलाकडे येतो. पॅकमुळे बिल फुगतं. समजा एका बुकेत, म्हणजे ब्रॉडकास्टरच्या एकगठ्ठा पॅकमध्ये, दहा चॅनल, सुट्या किमतींची बेरीज १०० रुपये. बुकेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, म्हणजे बुके ५५ ला. तुम्हाला त्यातले तीनच हवेत, प्रत्येकी १९. सुटे घेतले तर ५७. दोन रुपये वाचवायला माणूस बुके घेतो आणि सात नको असलेले चॅनल घरात येतात. ते किती घरांत पोचतात या आकड्यावर जाहिराती विकल्या जातात. सुट्या चॅनलची किंमत १९ ला का टेकते? बुकेत घालायच्या चॅनलला तीच वरची मर्यादा आहे, म्हणून.

तरी सुटे घेऊन बिल उतरतं, चॅनल खरंच कमी असतील तर. आधी घरात विचारा, गेल्या महिन्यात कोणते चॅनल लागले. बहुतेक घरांत ही यादी सात-आठच्या पुढे जात नाही. मग ९९९ नंबरच्या चॅनलवर किंवा मेनूतल्या खात्यात जाऊन सध्या काय चालू आहे ते पाहा, स्क्रीनचा फोटो काढा. एकाच चॅनलचे एसडी आणि एचडी दोन्ही चालू असतील तर एक बंद करा, दोन पॅक एकमेकांवर चढले की हे हमखास होतं. प्रत्येक चॅनलची किंमत ईपीजीत, म्हणजे टीव्हीवरच्या चॅनल-कार्यक्रमांच्या यादीत, नावापाशी दिसायला हवी. व्हीसी नंबर आणि हव्या त्या चॅनलची यादी व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा. तोंडी सांगितलं की नेहमीचा पॅकच मारला जातो, आमचीही पोरं तेच करतात, कारण एका क्लिकचं काम असतं. बदल रिचार्ज संपायच्या दोन दिवस आधी सांगा. मधेच केला तर उरलेल्या दिवसांचा हिशेब जुळत नाही आणि भांडण होतं. १३० भाडं आणि ५७ चे तीन चॅनल धरले तर १८७, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२० रुपये ६६ पैसे.

नवा बॉक्स घ्यायचाच असेल तर विकत घेऊ नका. डिपॉझिट किंवा भाड्याची योजना विचारा, पावतीवर बॉक्सचा नंबर लिहून घ्या. परत करताना अडॅप्टर, रिमोट आणि वायर सगळं लागतं, नाहीतर डिपॉझिट कापतात.

मासिक बिलच नको असेल तर डीडी फ्री डिश. हा बॉक्स गाव बदललं तरी तुमच्याबरोबर येतो. पुण्याच्या आसपास ६०-६५ सेंटिमीटरची छत्री आग्नेयेकडे, होकायंत्रावर साधारण १३२ अंश, कोन ५९ अंश. बाजारातली छत्री ऑफसेट असते, त्यामुळे ती दिसायला बरीच उभी राहते. ५९ अंश धरून आकाशाकडे तोंड केलंत तर सिग्नल सापडणार नाही. समोर आंब्याचं झाड असेल तर पावसाळ्यात ओल्या पानांनी सिग्नल जातो, हिवाळ्यात लावताना हे लक्षात येत नाही. सह्याद्री आणि काही फुकट मराठी चॅनल मिळतात, मोठ्या मालिकांचे चॅनल मिळत नाहीत. २०२२ मध्ये मोठ्या समूहांनी आपले हिंदी मनोरंजनाचे चॅनलही तिथून काढून घेतले होते. म्हणजे तिथेही काय दिसावं हे तुम्ही ठरवत नाही, पण बॉक्स तरी तुमचा राहतो.

एक सांगायचं राहिलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफवरची १३० ची मर्यादा उठवली, आता कंपनी आपला दर स्वतः ठरवते. त्यामुळे माझा हिशेब तुमच्याकडे जसाच्या तसा लागेल असं नाही, दर वेबसाइटवर पाहून घ्या.

आणि जे म्हणतात "केबल सोडा, डिश घ्या, कटकट मिटेल", त्यांच्यासाठी. माझा चुलत भाऊ हेच म्हणत गेला. तीन कंपन्या बदलल्या, आज त्याच्या माळ्यावर तीन बॉक्स आणि गच्चीवर दोन छत्र्या आहेत. कुलूप तिकडेही तेच आहे.

तुमचा जुना बॉक्स भंगारात द्यायच्या आधी अडॅप्टर काढून ठेवा. बहुतेक केबल बॉक्सचा १२ व्होल्टचा असतो आणि वायफाय राउटरला चालतो. राउटरच्या मागे लिहिलेला व्होल्ट तोच हवा, अडॅप्टरचे अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, आणि पिन सैल बसता कामा नये.