गोळी चुकली की घाम फुटतो

प्रश्न : आमचे हे बाईकवरून पडले, पायात रॉड टाकला, घरी सोडताना ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्या ५ दिवसांच्याच दिल्या होत्या पण महिना झाला तरी चालूच, चुकली की घाम, नाक गळतं, नुसती चिडचिड. मेडिकलवाला ओळखीचा, तो देतो. एकदम बंद करू का?

उत्तर : ताई, एकदम नको. हे औषध अफूच्या जातीतलं, २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ओळखीवर देणं चूकच. शरीराला सवय लागलीय, त्यांना दोष देऊ नका. रिकाम्या स्ट्रिप घेऊन ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडे जा, डोस हळूहळू उतरवतील आणि अजून दुखतंय का तेही बघतील. तोवर दारू, झोपेच्या गोळ्या अजिबात नको, श्वास मंदावतो. आणि हो, पोट साफ होत नसेल तर तेही सांगा, लाजू नका.