लीडरबोर्ड लावल्यावर लोक खरंच जास्त काम करतात का?

तुमच्या सेल्स टीमला पुढच्या महिन्यापासून पॉइंट, बॅज आणि लीडरबोर्ड (पॉइंटप्रमाणे कोण कितवा हे सगळ्यांना दाखवणारी यादी) सुरू होणार आहेत आणि लोक ते कसं घेतील, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये चार वर्षं टीम लीडर होते, तिथलं सांगते.

फ्लोअरवर मोठा स्क्रीन लागला. पहिले तीन आठवडे नुसता उत्साह, चहाला गेलं तरी कोण कितवा हाच विषय. दुसऱ्या महिन्यात वरचे पाच जण कायमचे ठरले आणि बाकीच्यांनी स्क्रीनकडे बघणंच सोडलं. शिवाय कॉल लवकर संपवला की जास्त पॉइंट. मग अवघड ग्राहक आला की दे दुसऱ्या विभागाकडे ढकलून! तोच ग्राहक दुसऱ्या दिवशी चिडून परत यायचा. माझ्या टीममधली एक मुलगी प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, म्हणून यादीत कायम तळाला. रोज सगळ्यांसमोर तिचं नाव लाल रंगात दिसायचं, ते मला आजही खुपतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. कॅलिफोर्नियात डिस्नीलँडच्या हॉटेलांच्या लाँड्रीत असाच स्क्रीन होता. कामाचा वेग हिरव्या-लाल रंगात दिसायचा. कामगारांनी त्याला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ असं नाव ठेवलं. मागे पडू नये म्हणून काही जण बाथरूमला जायचंही टाळत, अशा बातम्या २०११ मध्ये आल्या होत्या.

उलट विंडोज ७ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने भाषांतरातल्या चुका शोधायचा खेळ केला, तेव्हा जगभरातले सुमारे ४,५०० कर्मचारी आपणहून खेळले. ते त्यांचं रोजचं काम नव्हतं आणि सक्तीही नव्हती. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या ईथन मॉलिक आणि नॅन्सी रॉथबार्ड या संशोधकांनी सेल्सच्याच लोकांवर बास्केटबॉलसारखा खेळ लावून पाहिला. ज्यांना तो मनापासून मान्य होता त्यांना कामावर जास्त प्रसन्न वाटलं; ज्यांना नव्हता त्यांची मनःस्थिती आणखी बिघडली.

म्हणून सुरू व्हायच्या आधीच मॅनेजरला दोन गोष्टी विचारा: यातून बाहेर राहता येईल का, आणि हे आकडे अप्रेझलला धरणार का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पॉइंट कशाला द्यायचे हे टीमसोबत बसून ठरवा. ऑर्डर रद्द झाली तर पॉइंट परत जातील, हे तर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.