रील तिचं, तक्ता तुमचा

प्रश्न : मुलगी पुण्यातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला गेम डेव्हलपर व्हायचंय, आमची हरकत नाही. स्वतःच्या गेमचे छोटे व्हिडिओ ती इन्स्टाग्रामवर टाकते. रोज एक रील आणि दिवाळीपर्यंत दहा हजार फॉलोअर्स, असं आम्ही ठरवलं होतं. गाडी अकराशेवर अडकलीय. रीलमध्ये वेळ जातो म्हणून दोन महिने गेमचं काम बंद आहे. तिचा उत्साहही गेलाय. सोबत व्ह्यूजचा तक्ता जोडलाय. काय सुधारणा करावी?
– एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : नमस्कार. पत्राची पहिली दोन वाक्यं वाचून बरं वाटलं. ‘गेम बनवणं हे काय करिअर आहे का’ असं विचारणारे पालकच मला जास्त भेटतात. मग तक्ता उघडला. रीलचा क्रमांक, तारीख, व्ह्यूज, लाइक आणि शेवटच्या रकान्यात ‘सुधारणेला वाव’. दोनशेच्या खालच्या ओळी लाल. दहावीच्या सराव परीक्षांचाही असाच एक तक्ता तुमच्या घरी असणार, पैज लावतो. आणि ‘असं आम्ही ठरवलं’ यातल्या ‘आम्ही’त ती होती का?

सतराव्या ओळीशी मी बराच वेळ थांबलो. तिचा गेम पुण्याच्या पीएमटी बसच्या कंडक्टरचा : गर्दीत तिकिटं फाडायची, सुट्टे द्यायचे, घंटी मारायची. त्या रीलमध्ये अलका टॉकीजच्या चौकात प्रवासी दारातून उतरायच्या ऐवजी टपातून वर जातात आणि हवेत तरंगत सुट्टे मागत राहतात. खाली तिने कारणही लिहिलं होतं, तुम्ही ते इमानदारीत उतरवून घेतलंय : दाराभोवतीची आणि प्रवाशाभोवतीची (टक्कर ओळखायची, न दिसणारी) चौकट एकमेकांत घुसली, गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, म्हणजे इंजिनने, प्रवाशाला ढकलून बाहेर काढलं आणि मोकळी वाट फक्त वर होती. तुमच्या तक्त्यात सगळ्यात जास्त व्ह्यूज याच रीलला आहेत. पुढचा शेरा : ‘डिलीट करायला लावलं. चुका लोकांना दाखवू नयेत.’

अहो, तेच तर दाखवायचं होतं! चूक सापडली कशी, दुरुस्त कशी केली, हे तीस सेकंदांत सांगता येणं हे या धंद्यातलं अर्धं काम. तिचा उत्साह गेलाय, असं तुम्ही लिहिलंय. कधी गेला? तारीख तुमच्याच तक्त्यात आहे.

आता तुमचा एक गैरसमज. फॉलोअर्स वाढले की गेम बनवणारे स्टुडिओ बोलावून घेतील, असं तुम्ही धरून चाललाय. सोशल मीडिया सांभाळायची नोकरी असेल तर कदाचित. गेम प्रोग्रॅमरला विचारतात ते वेगळंच : चालणारा गेम दाखव, कोड दाखव, यातलं तू स्वतः काय केलंस ते सांग. खेळायला काही नसेल तर दहा हजारांचं तिथे काय करायचं? गेम विकायचा म्हटला तरी तेच. रील बघणारा फोनवर असतो आणि हा गेम तर कॉम्प्युटरवरचा. अंगठ्याने पुढे सरकवताना त्याने हसून लाइक दिलं, म्हणजे तो स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) जाऊन गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकेल असं नाही. तिथे पान असेल तर निदान वाट तरी असते. तुमच्याकडे तेही नाही. घाईने काढूही नका, प्रत्येक गेमला १०० डॉलर भरावे लागतात. इच.आयओ या छोट्या गेमच्या साइटवर फुकट चढवता येतो, सध्या तेवढं पुरे.

पुण्याचंच उदाहरण घ्या. इथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायची मोहीम काढली. ठरवलेला आकडा गाठला गेला नाही. गेम २०२०मध्ये आला. मधली तीन वर्षं ते गेम बनवत होते. तुमच्या घरी मात्र पीठ पडत नाहीये आणि जातं फिरतंय.

प्रवेश परीक्षांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो : पुढे डिझाइनकडे जावंसं वाटलं तर सीड (आयआयटी वगैरेंच्या पदव्युत्तर डिझाइनची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, डॅट ही परीक्षा आहे. आत्ता तिची पदवी चालू आहे, ती चालू द्या.

रोजचं रील बंद करा. म्हणजे तुम्ही बंद करा. तिला वाटलं तर ती टाकेल, महिन्यातून एक टाकेल, नाहीतर नाही टाकणार. आडवा गेम उभ्या चौकटीत कापायला, अक्षरं चढवायला, आवाज जुळवायला जे दोन तास जातात, ते बसच्या दाराला मिळू देत. अकाउंटचा पासवर्ड तुमच्याकडे असेल (आहे ना?) तर तिला बदलायला सांगा आणि नवा विचारू नका. तक्त्याचं काय करायचं ते तुम्हाला कळतं.

टपातून वर जाणाऱ्या प्रवाशांची फाइल तिच्याकडे अजून असेल तर ती पुन्हा टाकायची की नाही, हे तिने ठरवावं. पण गेमची लिंक मला हवीय, जसा असेल तसा, अर्धवट चालेल. तिनेच पाठवावी. शंभराची नोट काढल्यावर तिची कंडक्टर काय म्हणते, ते मला बघायचंय.