परिचारिकेचे वेतन आणि नवा कायदा

प्रश्न : माझी मुलगी जीएनएम (परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका) होऊन धुळ्यातील 60 खाटांच्या खासगी रुग्णालयात रात्रपाळी करते. पगार तुटपुंजा, मूळ प्रमाणपत्रेही व्यवस्थापनाच्या कपाटात. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने काही फरक पडेल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : पगारात थेट नाही. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम मुख्यतः शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक दर्जा यांविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार नेमलेल्या केंद्रीय समितीने, 50 ते 100 खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन सरकारी वेतनापेक्षा 25 टक्क्यांहून अधिक कमी नसावे, अशी शिफारस केली. परंतु राज्याने ती कायद्यात उतरवल्याखेरीज रुग्णालयांवर बंधनकारक होत नाही, आणि आमच्या मते सारे घोडे अडले आहे ते इथेच. प्रमाणपत्रे मात्र मुलीचीच आहेत. ती लेखी अर्ज देऊन, त्याची पोच घेऊन परत मागावीत.