बोरीबंदर आणि चर्चगेट : जवळ असूनही दूर का?

प्रश्न : जुनी मंडळी ‘बोरीबंदर’ म्हणतात, वडील ‘व्हीटी’ म्हणतात, फलकावर मात्र ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ असते. हे एकच स्थानक आहे का? आणि चर्चगेट तिथून पायी जाण्याइतके जवळ असताना लोकल तिकडे का जात नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठिकाण एकच, इमारत मात्र नंतरची. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली, तेव्हा आजच्या घुमटाचा पत्ताही नव्हता. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले बांधकाम दहा वर्षे चालले आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्थानकाला तिचे नाव मिळाले : व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजेच ‘व्हीटी’. आजचे नाव १९९६ चे असून ‘महाराज’ हा शब्द त्यात २०१७ मध्ये जोडला गेला. लोकांच्या तोंडून ‘व्हीटी’ अजून गेलेले नाही, आणि ते लवकर जाईल असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशात शोधू नये. ते कंपन्यांच्या हिशेबवह्यांत आहे. बोरीबंदर ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे होते. तिचा मार्ग कल्याणला दुभंगून एक फाटा बोरघाटातून पुण्याकडे, दुसरा थळघाटातून आपल्या नाशिककडे चढला. चर्चगेट मात्र बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या गुजरातकडून आलेल्या कंपनीचे होते, आणि तिचे रूळ १९३० च्या अखेरपर्यंत चर्चगेटच्याही पुढे, कुलाब्यापर्यंत जात असत. दोघींनी आपापली शेवटची स्थानके स्वतंत्र उभारली. मध्य आणि पश्चिम रेल्वे या त्यांच्याच वारसदार. दादरला दोन्ही मार्ग खेटून धावतात, तरी तेथे डिसेंबर २०२३ पर्यंत दोन्ही रेल्वेंचे फलाट वेगवेगळे एकपासून मोजले जात. ‘एक नंबरवर भेटू’ म्हणणाऱ्यांची त्यामुळे हमखास चुकामूक होई. आता पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे ८ पासून पुढे आहेत.

तरीही दोन्ही रेल्वेंचे रूळ कुठेच जुळत नाहीत, असे समजू नये. सीएसएमटीच्या १ किंवा २ क्रमांकाच्या फलाटावरून अंधेरी किंवा गोरेगावची हार्बर लोकल पकडल्यास ती वडाळ्याहून किंग्ज सर्कलमार्गे वळते आणि माहीमला पश्चिम रेल्वेच्या रुळांशेजारी येऊन पोहोचते. याच हार्बर मार्गावर, सीएसएमटी ते कुर्ला, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवर चालणारी प्रवासी गाडी धावली होती.

चर्चगेटला मात्र ही लोकल जात नाही. ती उणीव ऑक्टोबर २०२५ मध्ये जमिनीखालून भरून निघाली : कफ परेडकडे जाणाऱ्या मेट्रो ३ मध्ये सीएसएमटीला बसावे, मधले हुतात्मा चौक सोडून पुढच्या स्थानकावर उतरावे, ते चर्चगेट.